काटकोन

पडद्यावर नकाशा उमटला आणि ती खुर्चीत ताठ झाली. रेषा चुकल्या होत्या!

सभागृह खचाखच भरलेलं. व्यासपीठावर सर. त्यांना अख्खी प्रयोगशाळा पाठीमागे जमदग्नी म्हणायची. आकाशगंगेच्या केंद्रातल्या चुंबकक्षेत्राचा हा नकाशा तिच्या आकड्यांवर उभा होता. तो चुकला तर प्रकल्पातून उचलबांगडी ठरलेली. मागे एकाची झाली होती, तीही क्षुल्लक कारणावरून.

खरं तर काम सोपं होतं. तिथल्या धुळीतून उजेड येतो. त्याची कंपनं जिकडे, त्याला बरोबर काटकोनात चुंबकक्षेत्र. म्हणून प्रत्येक रेषा शेवटी काटकोनात फिरवायची. एकदाच; दोनदा फिरवली तर ती पुन्हा होती तशीच. आणि नेमकं तेच ती विसरली होती! परवा लक्षात आलं तेव्हा तिने आधी घरी सांगितलं. फोनवर आईने दटावलं, "सांगून टाक की! खाणार आहेत का ते तुला?"

खातील, अशी तिची खात्री होती. म्हणून सगळे चहाला गेल्यावर तिने आकड्यांची फाईल गुपचूप दुरुस्त केली. त्यावरून चित्र काढणारा प्रोग्रॅम मात्र सरांचा. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे नवं चित्र तीही आत्ताच, सगळ्यांबरोबर बघत होती.

मग रेषा पुन्हा चुकीच्या कशा? धुळीच्या पट्ट्याला समांतर धावायला हव्या होत्या, त्या त्याला आडव्या पडल्या होत्या. आपली दुरुस्ती सेव्हच झाली नाही की काय? पहिल्या रांगेतला एक म्हातारा चष्मा सावरून पुढे वाकला. झालं! आता बोभाटा.

ती उठली, व्यासपीठावर चढली आणि सरांच्या कानाशी पुटपुटली, "सर, माझं चुकलं. रेषा फिरवायच्या राहिल्या होत्या."

सरांनी माइकवर हात ठेवला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"माहितेय मला," ते हळूच म्हणाले. "गेल्या आठवड्यातच दिसलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये मीच फिरवून घेतल्यात. तू उगाच घाबरशील म्हणून बोललो नाही."

तिने डोळे उघडले. जमदग्नी चक्क हसत होते. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

"मीही फिरवल्या, सर," ती म्हणाली. "तुम्हाला घाबरून बोलले नाही."