पुस्तक मळतं तिथून

जपानी अभ्यास केंद्राच्या तळघरात बाईंडर सुईत दोरा ओवत होता, तेवढ्यात कुलसचिव खाली आले. मागोमाग केंद्राच्या संचालिका. साहेबांनी कपाटातून पाच-सात जाडजूड पुस्तकं काढून टेबलावर आपटली. सगळी उलटी बांधली आहेत, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठाचं सोनेरी चिन्ह मागच्या पुठ्ठ्यावर आलं आहे. सोमवारी तपासणी समिती यायची होती. तोवर केंद्रातल्या चारशे पुस्तकांचे पुठ्ठे सोडवायचे आणि फिरवून चिकटवायचे, म्हणजे ती चारचौघांसारखी दिसतील.

जपानी पुस्तक उजवीकडूनच उघडतं, असं संचालिकाबाईंनी सांगून पाहिलं. साहेबांनी अडकलेल्या अनुदानाची आठवण करून दिली, तशी त्यांनी टेबलावरची पुस्तकं नीट रचायला घेतली.

बाईंडरचं हातावर पोट. नेमणूक वर्षावर्षाची, आणि तिच्यावर सही याच साहेबांची. सहीचे दिवस आहेत, तोंडाला कुलूप घाला, असं बायकोनं सकाळीच बजावलं होतं.

"मी फिरवणार नाही," तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला जपानी वाचता येतं का हो, काका?"

"एक अक्षर नाही."

"आणि पुस्तक कुठून सुरू होतं, हे तुम्ही मला सांगणार?"

बाईंडरनं दुरुस्तीला आलेलं एक जुनं पुस्तक पुढे सरकवलं. उजवीकडची तीस-चाळीस पानं बोटं लागून काळवंडली होती, कोपरे दुमडले होते. पुढे मळ कमी कमी होत गेला होता. डावीकडची पानं तर कोरी करकरीत.

"माणसं हौसेनं सुरुवात करतात, साहेब, आणि मध्येच सोडून देतात. पुस्तक मळतं तिथून सुरू होतं. कुठल्याही भाषेत."

संचालिकाबाईंनी हसू लपवायला पटकन तोंड फिरवलं. साहेबांचे कान लाल झाले. उद्यापासून यायची गरज नाही, बाहेरचा माणूस आणून काम करून घेतो, असं ते तोडून बोलले.

"उद्यापासून ना?" बाईंडरनं घड्याळाकडे पाहिलं. "आजचे चार तास माझे आहेत."

साहेब जिना चढू लागले. बाईंडरनं हात खसाखसा पुसले, नवं बांधलेलं पुस्तक ओढलं, उजवीकडून उघडणाऱ्या पुठ्ठ्यावर विद्यापीठाच्या चिन्हाचा गरम ठसा धरला आणि हातोडी हाणली. आवाज जिन्यात घुमला. वरची पावलं थबकली.

"दार लोटून घेऊ का?" संचालिकाबाईंनी हळूच विचारलं.

त्यानं दुसरं पुस्तक ओढलं.

"राहू द्या उघडंच."