सांभाळते ती मावशी

मी एकटीने मुलगी वाढवत होते. ती तीन वर्षांची असताना तिला सांभाळायला मी माझ्याच वयाचा एक दाढीवाला माणूस ठेवला. पहिल्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून परतले, तर ती त्याच्या पाठीवर बसून हुकूम सोडत होती, "मावशी, पळ!"

"अगं, मावशी बाई असते."

"सांभाळते ती मावशी," तिने मलाच शिकवले. आधीच्या सगळ्या मावश्या पाहता निष्कर्ष तर्काला धरून होता. तोही खुशाल "आले, आले!" म्हणत धावायचा.

मी रक्ताचे नमुने तपासत असे. चुकीची चिठ्ठी लागलेली बाटली मला सहन होत नसे. अखेर एकदा मी मुलीला बजावले, "उद्यापासून यांना मामा म्हणायचं."

तो तिचे लाल मोजे पिळत होता. त्याचा चेहरा उतरला. "मामा नको."

"मावशी चालते आणि मामा चालत नाही? दोघंही आईचीच भावंडं ना?"

"मावशी ही चूक आहे, हे कोणालाही दिसतं," तो मोज्यांकडे पाहत म्हणाला. "मामा लोकांना खरं वाटेल. तुम्हालाही."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चिठ्ठी बदलायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

ते मोजे अजून माझ्या कपाटात आहेत. त्याला शास्त्रीय कारण नाही. मुलगी आता परगावी नोकरी करते. रोज फोनवर विचारते, "आई, मावशी जेवली का?"

पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत माझा नवरा आतून ओरडतो, "जेवली गं!"