केतकीची न्याहारी

तव्यावर तुपात राजेळी केळी खरपूस भाजून दमयंतीबाईंनी सुनेला हाक मारली. मुलगा अपघातात गेल्यापासून दोघी एकमेकींना धरून होत्या. आज केतकी माहेरी निघाली होती. तिथून तिचं दुसरं लग्न लागणार होतं. स्थळ दमयंतीबाईंनीच शोधलं होतं.

केतकीनं केळ्याचा तुकडा मोडला, पण घास तोंडात जाईना.

"आई, मी दर रविवारी येईन."

"इतक्यात नको. आधी तिथं रूळ. इकडे जीव अडकला, तर त्या घरात तुझा पाय ठरायचा नाही."

केतकीनं रडत रडतच सगळी केळी संपवली आणि निघाली.

दुपारी शेजारीण डोकावली. "एकट्या पडलात हो."

"मुलगा गेला तेव्हा हिच्या गळ्यात पडून रडले," दमयंतीबाई म्हणाल्या. "आता हिच्यासाठी कुणाच्या गळ्यात पडू?"