माऊसमधला दिवा

कॉम्प्युटरवर फुगा दिसला की माऊसचं बटण दाबून जो आधी गोळीने फोडेल तो जिंकला, इतका सोपा खेळ. पण सासूबाईंशी सलग हरल्यावर जावईबापूंनी खापर आपल्या माऊसवर फोडलं. “मी वेळेवर दाबतो, गोळीच उशिरा सुटते!” “सिद्ध कर, नाहीतर भांडी कायमची तुझ्याकडे,” बायकोने बजावलं. झालं! जावईबापूंनी माऊस उघडून बटणाला बारीकसा दिवा जोडला. बटण दाबताच दिवा लागणार, मग गोळी किती रेंगाळते ते मोबाईल टिपणार. पुन्हा सामना झाला. चित्रण संथ गतीने लावून तिघं डोकं खुपसून बसली. दिवा लागला, गोळी तत्क्षणी सुटली. पण फुगा त्याआधीच सासूबाईंनी फोडला होता, तेव्हा जावईबापूंचं बोट हवेतच लोंबकळत होतं. “माऊस बिचारा निर्दोष!” बायको खिदळली. जावईबापू बोटाकडे बघतच राहिले. सासूबाईंनी घाईघाईने स्क्रूड्रायव्हर लपवला. “जावईबापू, आता बोट नका हं उघडू!”