कापडाची कात्री

१९६४ साल. शिंप्याची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. दुकानामागच्या खोलीत भेटायला आलेली माणसं बसली होती. शिंप्याची सात वर्षांची मुलगी, गुंडी, टेबलाखाली बसून जुनं वर्तमानपत्र कापत होती. हातात आईची मोठी कात्री.

कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, धार जाते, हा त्या घरातला नियम. शिवायचं काम बापाचं, बेतायचं-कापायचं आईचं. म्हणून कात्रीवर तिचीच सत्ता. एकदा गुंडीने कागदाला लावली, तर सगळी गल्ली ऐकेल असा आईने आवाज लावला होता.

आता कुणी बोलेना. दूध सांडलं, "असू दे गं राणी." पाटी फोडली, "नवी आणू." आईचं नाव निघालं की मोठी माणसं एकमेकांना डोळ्यांनी दटावत.

गुंडी टेबलाखालून निघाली आणि बापाच्या मशीनशेजारी बसून कर्रकर्र कापू लागली.

"अहो, कात्री घेतलीय तिने," शेजारीण म्हणाली.

"घेऊ दे. आईविना पोर, तिला काय बोलायचं?" मावशी म्हणाली. "काप हो सोने. हा घे अजून एक पेपर."

मशीन थांबलं.

"गुंडी, कापडाची आहे ना ती? आई काय म्हणायची?"

"तंगडं तोडीन म्हणायची."

"मग ठेव खाली. नाहीतर मी तोडीन."

गुंडीने कात्री ठेवली. बापाच्या गुडघ्याला मिठी मारली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठमोठ्याने रडली.

मावशी धावत आली. "रडवलंत ना? मन आहे की दगड, भावोजी? मी नेते हिला माझ्याकडे. फुलासारखी जपीन."

शिंप्याला वाटलं, आपलंच चुकलं. त्याने तिचे हात गुडघ्यापासून सोडवले.

शिंप्याने दुसरं लग्न केलं नाही. बेतणं त्याला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. गिऱ्हाईक तुटत गेलं. मावशीने शब्द पाळला. त्या घरात गुंडीवर कुणी आवाज चढवला नाही, की आईचा विषय काढला नाही. मावशी समाधानाने गेली.

गुंडी शिकली, चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाली. आता तिचं स्वतःचं घर आहे. तिथेही ती खुर्चीच्या कडेवर बसते, थोड्या वेळाने उठून जायचं असल्यासारखी.