एका केसाची साक्ष

"नाव काय तुमचं?" नव्या नर्सने रेलूबाईला विचारलं.

"रेलू पावरा. दोन दिवस ताप आहे," उत्तर केळुसकर सिस्टरांनीच दिलं. त्या याच दवाखान्यातल्या हेडसिस्टर. रेलूबाई त्यांच्या घरी राहून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करायची.

नर्सने नियमाप्रमाणे रेलूबाईचा एक केस यंत्रात ठेवला. माणसाने दोन वर्षांत किती झोप घेतली, किती ऊन पाहिलं, हे त्यातून कळायचं. लोकांनी घरात कोंडून राबवलेली नऊ माणसं या यंत्रामुळेच सिस्टरांनी सोडवली होती.

यंत्रावरचा दिवा लाल झाला.

"चौदा महिने सलग चार तासही झोप नाही," नर्सने वाचलं. "ऊन तर नाहीच."

"अगं, ती घरच्यासारखी आहे आमच्या!"

"यांचं आधारकार्ड?"

"माझ्या कपाटात. हरवेल म्हणून ठेवलंय."

बोलून गेल्यावर सिस्टर चपापल्या. पेशंटऐवजी सोबतचा माणूस बोलतो, कागद त्याच्याच ताब्यात असतात. कोंडून राबवलेला माणूस ओळखायची ही लक्षणं त्या स्वतःच तर दर महिन्याला नर्सना शिकवत होत्या.

"सिस्टर, तुम्ही बाहेर थांबा," नर्स खाली बघत म्हणाली. "पेशंटशी एकटीनं बोलायचं, असं तुम्हीच सांगितलंय."

सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयने नमस्कार केला, पण त्यांची मान वर होईना. दारातून रेलूबाईचा आवाज आला.

"नाही हो, बाई वाईट नाहीत. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात, तेवढंच."