मामा आले

“मामा आले,” मी हळूच म्हणालो, आणि गाईमाऱ्या वाघाच्या शिकारीला आलेले नागपूरचे पिंपळापुरे साहेब बंदूक टाकून मोहाच्या झाडावर चढले.

चूक माझीच. आमच्या जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो. म्हणून त्याला मामा म्हणतात. मी साहेबांचा वाटाड्या. तीन दिवस हा नियम मीच त्यांच्याकडून घोकून घेतला होता. मला सख्खे मामाही आहेत, एवढं सांगायचं राहिलं.

मामा भाकरीचं गाठोडं घेऊन झाडाखाली आले. त्यांनी आधी धुळीतली बंदूक पाहिली, मग वर लोंबणारे बूट.

“हे कशाला आलेत?”

“मामाला मारायला.”

“मग बंदूक तरी वर न्यायची.”

साहेबांना उतरता येईना. शेवटी मामांच्या खांद्यावर पाय देऊन ते खाली आले आणि भाकऱ्याही त्यांनीच संपवल्या.

महिन्याभराने गुरुजींनी पेपरातला साहेबांचा लेख आम्हाला वाचून दाखवला. तोवर दुसऱ्या मामांनी गावातली आणखी एक गाय नेली होती.

“‘तो दहा पावलांवर उभा होता. पांढऱ्या मिशा, तांबारलेले डोळे. माझी नजर त्याच्यावरून हटली नाही.’”

अक्षर न् अक्षर खरं होतं.

“‘मागे त्याचं शेपूट लोंबत होतं,’” गुरुजींनी पुढे वाचलं.

मामांनी मागे हात नेला आणि धोतराचा सुटलेला कासोटा नीट खोचून घेतला.